सुटकाताईंची फीत

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा ही म्हण ज्यानं काढली, त्याची आणि सुटकाताईंची कधी भेट झालेली नसावी. झाली असती तर बिचाऱ्या सोनूबाईची बदनामी टळली असती. बाईंचं नाव सुटका, आणि घरातून साधी साबणाची वडी आणायला निघायचं तरी आधी वडिलांचा पाय उचलून बाजूला ठेवावा लागे.

पाय उचलून म्हणजे अगदी हातांनी. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दाराला लागून वडिलांची खुर्ची, खुर्चीपुढं स्टूल, स्टुलावर वडिलांचा उजवा पाय. हा पाय मागं एकदा जिन्यावर मोडला होता. पुढं हाड जुळलं, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, पण पायाला स्टूल मानवलं. दार आत उघडायचं आणि स्टुलाला अडायचं, आणि पाय उचलल्याशिवाय स्टूल सरकायचं नाही. घराला कडी होती, कुलूप होतं, पण खरा अडसर तो पाय.

वडील बसमध्ये तिकीट तपासनीस होते. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. ताईंनी पायाला हात घातला की वरून प्रश्न येई,

"कुठून कुठं?"

"घरापासून गिरणीपर्यंत, बाबा."

"एकेरी की परतीचं?"

"परतीचं."

मग बाबा अंगठा आणि तर्जनी चिमटून हवेतल्या न दिसणाऱ्या तिकिटाला भोक पाडत, जिभेनं 'टक्' असा आवाज काढत आणि पाय ताईंच्या हवाली करत. लहानपणी ह्या हवेतल्या तिकिटाचं ताईंना खूप हसू येई. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर हसू येईनासं झालं होतं. उत्तर मात्र तेच राहिलं.

एक धाकटा भाऊ होता. तो पलीकडच्याच रस्त्यावर राहायचा. रविवारी यायचा, बाबांच्या शेजारी बसून पेपर वाचायचा आणि उठताना म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." हे आभार समजायचे की जन्मठेप, ह्याचा निकाल ताईंना कधी लावता आला नाही. भाऊ गेला की त्या त्याची कपबशी विसळून ठेवत आणि पाय पुन्हा स्टुलावर ठेवत.

त्या कापडगिरणीत गाठी काढत. हे काम असं असतं. काचेचं उतरतं टेबल, काचेमागं दिवा, आणि वरून कापडाचं थान सावकाश खाली सरकतंय. नव्या मुली डोळे फाडफाडून दोष शोधतात. ताई डोळे अर्धे मिटत आणि तळवा कापडावरून फिरवत. सरकता सरकता तळवा थबकला की समजायचं, गाठ. मग बारीक चिमट्यानं ती उचलायची, सैल करायची, सोडवायची, आणि तुटका धागा पुन्हा जोडायचा. हा जोडायचा धागा ज्या गाठीनं बांधतात तिला गिरणीत विणकरी गाठ म्हणत. खसखशीएवढी, चपटी, आणि ओढाल तितकी घट्ट होणारी. ती मारायची असते, सोडवायची नसते. चुकलीच तर कापायची. बोटांना ती अशी बसली होती की ताई झोपेत चादरीच्या दशासुद्धा एकमेकींना जोडून ठेवत आणि सकाळी स्वतःच त्या कापत बसत.

आता हे सुटका नाव कुठून आलं? ते आलं चर्चमधून.

चर्चमध्ये डाव्या अंगाला मरियामातेचं एक मोठं चित्र होतं. तिच्या हातात लांब पांढरी फीत. एका बाजूचा देवदूत गाठींनी भरलेली फीत तिच्याकडं देतोय, दुसऱ्या बाजूचा सरळ झालेली फीत घेतोय, आणि मध्ये माता शांतपणे एकेक गाठ सोडवत बसलेय, नव्हे, उभी आहे. पायाखालच्या सापालासुद्धा गाठ पडलेली. हिचं नाव गाठी सोडवणारी मरियामाता. सप्टेंबर सरता सरता हिचा सण येतो. त्याआधी नऊ दिवस नोवेनाची प्रार्थना. त्या नऊ दिवसांत ज्याला जे काही अडलं असेल त्यानं डब्यातली एक पांढरी फीत घ्यायची, मनातलं बोलत तिला मधोमध गाठ मारायची आणि चित्रापुढच्या पितळी दांडीवर ती टाकायची. सणाच्या दिवशी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, झाली की सगळ्यांसमोर गाठी सोडवायच्या. नियम एकच, कात्री लावायची नाही. गाठ सुटली की माता पावली. सोडवलेल्या फिती धुऊन, इस्त्री करून पुन्हा डब्यात. माता कितीही उदार असली तरी फितींच्या बाबतीत चर्च काटकसरी होतं.

पूर्वी हे काम ज्याच्या हाती येई तो करी, आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या गाठी तशाच राहत. मग एका वर्षी कुणाला तरी सुचलं, अरे, आपल्यात गिरणीतली गाठीवाली आहे की! ताईंनी पुढ्यात ढीग घेतला आणि चहा निवायच्या आत संपवला. त्या दिवसापासून त्या सुटकाताई. खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक.

सणाची कथा फादर दर वर्षी सांगत. फार पूर्वी जर्मनीत एका सरदाराचं बायकोशी पटेना. गोष्ट काडीमोडापर्यंत आली. तिथं लग्नात नवरा-बायकोचे हात फितीनं बांधायची रीत होती. सरदार ती फीत घेऊन एका साधुपुरुषाकडं गेला. अनेक दिवस बोलणी झाली, प्रार्थना झाल्या. शेवटी त्या साधूनं फीत मातेच्या चित्रापुढं धरली आणि एकेक करून तिच्या गाठी सोडवल्या, तशी म्हणे फीत शुभ्र होऊन लखलखली. नवरा-बायको एकत्र नांदले. पुढं त्यांच्या नातवानं, तो धर्मगुरू होता, आजोबांची आठवण म्हणून हे चित्र काढून घेतलं. मूळ चित्र तिकडं. इथं त्याची नक्कल.

"म्हणजे गाठी सुटल्या आणि बाई अडकली," असं एकदा खालची बेकरीवाली ताईंच्या कानात म्हणाली होती. ही बाई पहाटेपासून भट्टीपुढं उभी असे, त्यामुळं तिची जीभही गरमच असे.

फादरना मात्र ह्या कथेहून तिचं मूळ अधिक आवडे. चित्राच्याही कितीतरी शतकं आधी, अगदी दुसऱ्या शतकात, एका बिशपनं लिहून ठेवलंय की हव्वेनं आज्ञा मोडून जी गाठ मारली ती मरियेनं आज्ञा पाळून सोडवली. हे वाक्य फादर दोनदा म्हणत, आणि पहिल्या बाकाजवळ खुर्चीत आणून बसवलेले बाबा दोन्ही वेळा मान डोलवत. घरी आले की तिसऱ्यांदा म्हणत.

"ऐकलंस ना? आज्ञा पाळली म्हणून सुटली."

"हो बाबा. सूप गरम करू?"

आता ह्या अशा जुळून बसलेल्या संसारात मापारी कुठून उपटले, ते सांगतो. मापारी म्हणजे गिरणीत थानं मोजणारे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, उंच, वाकलेले, आणि जगातली प्रत्येक गोष्ट मापात सांगायची खोड. कुणी मेलं तर "हातभर माणूस होता" म्हणत, पाऊस आला तर "बोटभर पडला" म्हणत. ताईंचं टेबल आणि ह्यांची पट्टी शेजारी-शेजारी. दोघांनी मिळून आयुष्यात जितकं कापड पाहिलं त्यात अख्खं गाव गुंडाळता आलं असतं, पण बोलणं बेतास बात. गेल्या वसंतात मापाऱ्यांनी गिरणी सोडली. त्यांच्या पुतणीनं समुद्राकाठच्या एका गावात पडद्यांचं दुकान काढलं होतं. शेवटच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी ते थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले,

"बाई, दुकानात मोजायला मी आहे. रफू करायला कुणी नाही."

"मग एखादी बघा की."

"बघितली. रफूपुरतीच नको आहे." एवढं बोलून ते कानापर्यंत लाल झाले. "लग्न करून. वडिलांनाही घेऊन चला. तळमजल्याला खोली आहे, जिना नाही. मी सणाला येईन. हो की नाही, तेव्हा सांगा."

ताईंनी घरी येऊन बाबांना खोलीचं तेवढं विचारलं. समुद्राची हवा, जिना नाही, बरं वाटेल तुम्हाला. बाबांनी पुढचं ऐकायच्या आधीच ओळखलं. तिकीट नसलेला माणूस ते नुसत्या खांद्यावरून ओळखत.

"मी इथून हलणार नाही. आणि तू गेलीस तर गाठ माझ्याशी आहे!"

विषय संपला. म्हणजे बाबांपुरता. ताई रोज पाय उचलत राहिल्या, 'परतीचं' म्हणत राहिल्या. पण हल्ली ते म्हणताना जीभ क्षणभर थबके, कापडावर तळवा थबकावा तशी.

सण जवळ आला. ताईंनी आजवर स्वतःची फीत कधी बांधली नव्हती. न्हाव्यानं स्वतःची हजामत काय करायची! शिवाय आपण मारायची, आपणच सोडवायची, आणि श्रेय मातेला, ह्यात काहीतरी लबाडी आहे असंही त्यांना वाटे. पण नोवेनाच्या शेवटच्या संध्याकाळी लोक पांगले, मेणबत्त्या विझल्या, आणि ताईंनी डब्यात हात घालून एक फीत उचलली. मनात मोठी प्रार्थना जुळवायला गेल्या, पण तिचे दोनच शब्द झाले: "जाऊ दे." मला जाऊ दे म्हणायचंय की हा विषयच जाऊ दे म्हणायचंय, हे त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही.

तेवढ्यात दरवाज्यातून, शेजाऱ्यांनी उचललेल्या खुर्चीतून हाक आली, "चल, चल! परतीची वेळ झाली!"

ताईंचे हात दचकून चालले. फीत दांडीवर गेली, गाठ बसली, ताई निघाल्या.

रात्रीची भांडी घासताना त्यांचा हात एकाएकी थांबला.

"अगंबाई!"

"काय झालं?" बाबा.

"काही नाही. चमचा पडला."

चमचा पडला नव्हता. त्यांना आठवलं होतं की बाकीच्यांसारखी फितीच्या मधोमध साधी गाठ मारायच्या ऐवजी, घाईत बोटांनी आपलं रोजचं काम केलं होतं. दोन टोकं जोडली होती. दांडीभोवती. विणकरी गाठीनं. म्हणजे फीत आता दांडीवरून सरकून निघणार नाही, गाठ सुटणार नाही, आणि कात्री लावायची नाही. आयुष्यात एकदाच मागितलं, आणि तेही स्वतःच्याच हातानं कायमचं जेरबंद करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चर्च खच्चून भरलं. मापारी आले होते. शेवटच्या बाकावर, गुडघे कुठं ठेवावेत ह्या विवंचनेत बसलेले. ताईंनी पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं. मिस्सा झाली, कथा झाली, आज्ञापालनाचं वाक्य दोनदा झालं, बाबांची मान दोनदा डोलली. मग टेबल मांडलं. बेकरीवाली दांडीवरून फिती ओढून देऊ लागली आणि ताई सोडवू लागल्या.

लोकांची नजर आपापल्या फितीवर. "ती माझी, कोर्टाची!" "जरा जपून ताई, आमच्या मुलाची परीक्षा आहे त्यात." एकानं गाठीवर गाठ मारून बटाटा करून ठेवला होता.

"हे काय हो?" ताईंनी विचारलं.

"सासूबाई आहेत आमच्या," तो अदबीनं म्हणाला.

तीही सुटली. ढीग सरला. ताईंचे हात रिकामे झाले.

"ताई," बेकरीवाली दांडीशी खटपट करत म्हणाली, "एक राहिलीय. ही बाई निघतच नाही. दांडीला मिठी मारून बसलीय."

ताई उठून दांडीपाशी गेल्या. चिमटा लावला. नख लावलं. ओढलं तशी गाठ आणखी आवळली, ती आवळणारच होती. मागून मापारी पार पुढच्या बाकापर्यंत आले, मान उंचावून त्यांनी गाठ पाहिली आणि एकदम ताठ झाले. अख्ख्या चर्चमध्ये ती गाठ ओळखणारा तो एकच माणूस. ते नुसते कानापर्यंत लाल झाले.

"कात्री आणा!" बाबा खुर्चीतून गरजले.

"कात्री चालत नाही, बाबा," फादर म्हणाले.

"मग आहे कुणाची ती? कुणी मारली असली गाठ?"

आपल्यातल्या कुणाचं तरी एवढं अडलंय ह्या विचारानं जो तो शेजाऱ्याकडं पाहू लागला.

"माझी आहे," ताई म्हणाल्या.

"तुझी?" बाबांना खरोखरच समजेना. "तुला कसली आलीय गाठ? खाऊन-पिऊन सुखी आहेस. तुझं काय अडलंय?"

ताईंनी चिमटा टेबलावर ठेवला. तो खणकन वाजला.

"मला ह्यांच्याबरोबर जायचंय, बाबा. तुम्हालाही घेऊन. तुम्ही नाही म्हणालात तर मग तुमच्याशिवाय."

"मी सांगितलंय तुला! गाठ माझ्याशी आहे!"

"तीच तर सुटत नाही, बाबा."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. बाबांनी फादरकडं मोहरा वळवला.

"फादर, तुम्ही सांगा तिला. आत्ताच सांगितलंत ना? मरियेनं काय केलं म्हणून गाठ सुटली?"

"आज्ञा पाळली म्हणून," फादर चाचरत म्हणाले.

"ऐकलंस?"

"ऐकलं. दर वर्षी ऐकते." ताई फादरकडं वळल्या. त्यांच्या आवाजात वादाचा सूर नव्हता, चुकीच्या बसमध्ये बसलेल्या माणसानं कंडक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "फादर, देवदूत मरियेकडं आला. ती हो म्हणाली. हो म्हणायच्या आधी ती घरी विचारायला गेली होती का?"

फादरनी चित्राकडं पाहिलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. वर्षानुवर्षं ज्या घरात राहतो त्यात आज एक खिडकी सापडावी तसं.

"नाही. शुभवर्तमानात तसं काही नाही."

"वडिलांना?"

"वडिलांचा तिथं उल्लेखच नाही."

"बसले असतील दारात पाय टाकून," बेकरीवाली म्हणाली.

आता मात्र चर्च मोकळेपणी हसलं. सासूबाईवाला तर डोळे पुसू लागला. हसले नाहीत ते तिघं. बाबा, ताई आणि मापारी.

"हो," ताई मापाऱ्यांना म्हणाल्या.

"काय हो?"

"तुम्ही विचारलं होतंत त्याला."

"अस्सं." मापाऱ्यांनी हात पुढं केला, मागं घेतला. "पक्कं माप?"

"पक्कं." मग त्यांनी दांडीकडं बोट केलं. "ती राहू दे तशीच. ती कापायची असते, आणि इथं कात्री चालत नाही."

फीत दांडीवर राहिली. त्यावरून गावात दोन तट पडले. एक म्हणे, गाठ सुटली नाही, मातेनं नकार दिला. दुसरे म्हणत, बाई स्वतःच हो म्हणून मोकळी झाली, मातेला फितीपाशी पोचायला सवडच कुठं दिली!

घरी तट वगैरे काही नव्हता, नुसती शांतता होती. बाबा बोलेनात. सूप पीत, पेपर वाचत, पाय स्टुलावर. ताई पाय उचलून गिरणीत जात, परत येत. पण 'कुठून कुठं' बंद झालं होतं आणि त्या न विचारलेल्या प्रश्नानं दार पूर्वीपेक्षा जड झालं होतं. रात्री त्या पडल्या पडल्या ठरवत, उद्या नाही म्हणून कळवावं. सकाळी खालून पावाचा वास येई, आणि आज नको, उद्या बघू, असं होई. दोनदा त्यांनी भरलेली बॅग रिकामी केली. चर्चमध्ये सगळ्यांदेखत हो म्हणणं सोपं होतं. तिथं बाबांचा पाय मध्ये नव्हता.

मग एक दिवस, रविवार नसताना, भाऊ आला. घाबरलेला.

"ताई, तू खरंच चाललीस? मग बाबांचं काय?"

ताईंनी त्याच्यापुढं कप ठेवला. मनात पुष्कळ होतं. ओठांवर जे आलं ते त्यांनी स्वतः जुळवलेलं नव्हतं, त्याचंच होतं.

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

भावानं चहा संपवला. जाताना कप त्यानं स्वतः विसळला. वाईट विसळला, पण विसळला.

जायच्या दिवशी सकाळी ताई बॅग घेऊन दारापाशी आल्या. खाली मापारी उभे होते आणि बेकरीवाली जिन्याच्या तोंडाशी ओरडत होती, "गाडी जाईल हो, गाडी!" खुर्चीत बाबा. स्टुलावर पाय.

ताईंनी सवयीनं वाकून हात पुढं केला. मग सरळ झाल्या. दोन्ही हातांनी बॅग धरून उभ्या राहिल्या. ह्या एका खेपेला पाय त्यांना उचलता येईना.

बाबांनी पेपर खाली ठेवला.

"कुठून कुठं?"

"घरापासून समुद्रापर्यंत."

"एकेरी की परतीचं?"

ताईंच्या जिभेवर जुना शब्द आलाच. तो त्यांनी गिळला. "एकेरी, बाबा."

बाबांनी दोन्ही हातांनी मांडी धरली आणि स्वतःचा पाय स्टुलावरून उतरवून जमिनीवर ठेवला. पाय चांगला टेकला. डॉक्टरांचं खरंच होतं. मग पायाच्या बोटानं त्यांनी स्टूल बाजूला सारलं, अंगठा आणि तर्जनी उचलली, हवेत चिमटा घेतला. जिभेनं टक् करायला गेले, पण तोंडाला कोरड पडली असावी, आवाज आला नाही.

"जपून ठेव," ते दुसरीकडं बघत म्हणाले. "सणाला तपासणी आहे."